जुना फ्रीज शेवटी जातो कुठे? ई-कचऱ्याची देशभराची व्यवस्था आणि त्यात छोट्या धंद्याची जागा



वाचायला लागण्याआधी एक काम करा. घरातला तो एक ड्रॉवर उघडा. कुठला, ते तुम्हाला बरोबर माहीत आहे. आत काय आहे? बंद पडलेले दोन मोबाइल, तीन-चार चार्जर, एक रिमोट ज्याचा टीव्ही कधीच गेला, आणि वायरींचा गुंता. आता माळ्यावर नजर टाका. जुना मिक्सर, लग्नात आलेली इस्त्री, कदाचित एक डबा टीव्ही. हे सगळं तिथे का पडून आहे? "टाकवत नाही, आणि द्यायचं कुणाला ते कळत नाही." बरोबर?

आजचा विषय हाच आहे. वरच्या दर्जाचं ज्ञान देण्यासाठी हे लिहीत नाहीये. एका माणसाचे पैसे बुडता बुडता राहिले, म्हणून लिहितोय.

आमच्या साताऱ्याच्या बॅचमध्ये एक जण होते. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, बारा वर्षांचा अनुभव, हात चांगला. त्यांनी कुठेतरी पाहिलं की जुन्या मोबाइलमधून सोनं निघतं. मला म्हणाले, "सर, चाळीस लाखांचा रिसायकलिंग प्लांट टाकतोय. वडिलांची जमीन तारण ठेवायला बँक तयार आहे. टाकू ना?"

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "माल कुठून आणणार?"

ते गप्प झाले. मशीनचं कोटेशन होतं, शेडचं होतं, लाइटचं होतं. माल कुठून आणि किती रुपये किलोने येणार, याचं एकही कागद नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या-माझ्या घरातला ई-कचरा गोळा करण्याची व्यवस्था उभी करताना जगातल्या प्रत्येक देशाला हाच प्रश्न पडलाय. मशीन विकत मिळतं. अडतं ते दाराशी. आणि जिथे अडतं, तिथेच धंदा असतो.

देशाची व्यवस्था म्हणजे नेमकं काय?

कुठल्याही देशाने ही व्यवस्था उभी करायची म्हटली की चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

१. घरातून वस्तू उचलणार कोण?
२. त्याचा खर्च भरणार कोण?
३. वस्तू नीट सुटी करून धातू वेगळे करणार कोण?
४. हे खरंच झालं की फक्त कागदावर झालं, ते तपासणार कोण?

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे पैशाचं उत्तर वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळं दिलंय. ते समजून घ्या, कारण आपल्याकडची गंमत त्यातूनच कळते.

स्वित्झर्लंड. तिथे नवीन वस्तू विकत घेतानाच रिसायकलिंगचा छोटा आकार किमतीत भरला जातो. १९९८ च्या नियमाने दुकानदारावर बंधन आलं: तुम्ही ज्या प्रकारच्या वस्तू विकता, त्या प्रकारची जुनी वस्तू गिऱ्हाईक घेऊन आला तर फुकट परत घ्यायची. त्याने नवीन काही घेतलं नाही तरी. म्हणजे गिऱ्हाइकाला वस्तू देताना खिशात हात घालावाच लागत नाही. पैसे आधीच गेलेले असतात.

जपान. १ एप्रिल २००१ पासून तिथे घरगुती उपकरणांचा कायदा लागू झाला. एसी, टीव्ही, फ्रीज आणि वॉशिंग मशीन, या चार मोठ्या वस्तूंसाठी. तिथे पैसे टाकताना भरायचे. फ्रीज काढायचाय? रिसायकलिंगची फी भरा, दुकानदार घेऊन जाईल. शिस्तीचा देश आहे, त्यामुळे चाललं. पण तिथेही फी चुकवायला रात्री कुठेतरी वस्तू टाकून देणारे निघालेच.

आता हेच आपल्याकडे करून बघा. कुणाला तरी म्हणा, "काकू, तुमचा जुना फ्रीज नेतो, त्याचे मला हजार रुपये द्या." काकू तुम्हाला चहाही विचारणार नाहीत! कारण गल्लीत भंगारवाला येतो, तो स्वतः फ्रीज खाली उतरवतो आणि वर काकूंच्या हातावर पैसे ठेवतो.

म्हणून लक्षात ठेवा: आपल्या देशात जुनी वस्तू हा कचरा नाही, तो माल आहे. ती घ्यायला पैसे द्यावे लागतात. जी व्यवस्था हे विसरेल, ती चालणार नाही.

मग आपल्याकडे पैसे कोण देतं?

आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. मग २०१६ ला नवे नियम आले. सध्या जे चालू आहेत ते २०२२ चे नियम, १ एप्रिल २०२३ पासून लागू. आधी यादीत २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत. मोबाइल, लॅपटॉपपासून मिक्सर, इस्त्री, खेळण्यांपर्यंत.

या नियमांचा कणा एका वाक्यात सांगतो: ज्याने वस्तू बाजारात आणली, त्याने ती संपल्यावरची जबाबदारी घ्यायची. म्हणजे उत्पादक कंपनी.

उदाहरण घेऊ. एका कंपनीने काही वर्षांपूर्वी विकलेला माल आता आयुष्य संपून बाहेर पडतोय, समजा १०० टन. २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी टार्गेट आहे ७० टक्के. म्हणजे कंपनीने ७० टनांचं रिसायकलिंग झाल्याचं दाखवायचं. २०२७-२८ पासून हे टार्गेट ८० टक्के होतंय.

कंपनी स्वतः घरोघर फिरत नाही. ती काय करते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंद असलेल्या रिसायकलरकडून सर्टिफिकेट विकत घेते. रिसायकलरने खरोखर सोनं, तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड बाहेर काढलं की त्या हिशेबाने त्याला ही सर्टिफिकेटं मिळतात. म्हणजे रिसायकलरची कमाई दोन बाजूंनी: एक धातू विकून, दुसरी सर्टिफिकेट विकून.

या सर्टिफिकेटचा भाव फार पडू नये म्हणून मंडळाने २०२४ मध्ये किमान दर ठरवला. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोला २२ रुपये. काही मोठ्या कंपन्यांना हे जड वाटलं आणि २०२५ मध्ये त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. म्हणून माझा सल्ला, या दरावर भरवसा ठेवून कुणीही कर्ज काढू नका. सरकारी दर हा धंद्याला टेकू असू शकतो, पाया नाही.

भोक कुठे आहे?

आता नीट बघा. पैसा कंपनीकडून निघाला, रिसायकलरकडे पोचला. कागद पूर्ण. पण तुमच्या माळ्यावरचा मिक्सर? तो अजून माळ्यावरच आहे!

सरकारी अंदाजानुसार देशात २०१९-२० मध्ये १०.१४ लाख टन ई-कचरा निघाला. २०२३-२४ मध्ये तो १७.५१ लाख टनांवर गेला. चार वर्षांत इतकी वाढ. जगाची स्थिती तरी काय वेगळी आहे? २०२२ साली जगभरात ६२० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे.

मग आपल्याकडचा बाकीचा जातो कुठे? थोडा ड्रॉवरमध्ये, थोडा ओल्या कचऱ्यात, आणि बराचसा भंगाराच्या साखळीत. घरातून भंगारवाला, त्याच्याकडून मोठा भंगार व्यापारी, तिथून दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी. तिथे तांब्यासाठी वायर जाळतात. सर्किट बोर्ड अॅसिडमध्ये बुडवतात. फ्रीजचा कॉम्प्रेसर काढायला पाइप सरळ कापतात आणि गॅस हवेत सोडून देतात. बऱ्याच फ्रीजमध्ये असणारा आर-१३४ए हा गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,४०० पट वाईट आहे. डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, ती काच फोडून टाकतात. हे काम करणाऱ्यांच्या हातात ना हातमोजे, ना तोंडावर मास्क. आणि अनेकदा आजूबाजूला लहान मुलं खेळत असतात.

पण इथे एक चूक करू नका. भंगारवाल्याला शिव्या घालू नका. देशातली सगळ्यात चांगली गोळा करण्याची व्यवस्था त्याच्याकडेच आहे! तो दारात येतो, जिना चढतो, रोख पैसे देतो, आठवड्याने पुन्हा येतो. कोणती मोठी कंपनी हे करते? त्याची चूक गोळा करण्यात नाही. माल पुढे चुकीच्या हातात जातो, कारण तिथे त्याला चार रुपये जास्त मिळतात.

पुण्याचं उदाहरण बघा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. जे लोक आधीपासून दारात जात होते, त्यांनाच ओळखपत्र आणि कामाचं नीट स्वरूप मिळालं. व्यवस्था नव्याने आणावी लागत नाही. जी आहे तिला योग्य रस्त्याला लावावं लागतं.

सोन्याचं गणित एकदा मिटवून टाकू

टोकियो ऑलिंपिकची मेडलं जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंची होती, हे तुम्ही ऐकलं असेल. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९, दोन वर्षं मोहीम चालली. दीड हजारांहून जास्त नगरपालिका आणि एका मोठ्या मोबाइल कंपनीची दुकानं देशभर वस्तू गोळा करत होती. जवळपास ७९ हजार टन उपकरणं आणि त्यात ६२ लाखांवर मोबाइल. मेडलांसाठी सोनं मिळालं ३२ किलो.

अख्खा देश, दोन वर्षं, आणि ३२ किलो. आता सांगा, साताऱ्यातल्या एका शेडमध्ये किती निघेल? सोनं खरं आहे, पण ते वजनाच्या खेळात आहे. ज्याच्याकडे माल सतत येतो, त्याचंच मशीन चालतं. त्या जपानी मोहिमेचंही खरं यश मशीनचं नव्हतं. गावोगावी ठेवलेल्या डब्यांचं होतं.

आता हिशेब मांडू

कागद-पेन घ्या. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा करा.

समजा २०० फ्लॅटची सोसायटी. रविवारी सकाळी तुम्ही टेम्पो लावला. टेम्पो, दोन माणसं आणि पत्रकं मिळून खर्च ४,००० रुपये. लोकांना सरासरी १५ रुपये किलो दिले. रिसायकलरने तुम्हाला २८ रुपये किलो दिले. किलोमागे हातात राहिले १३ रुपये.

*पहिली शक्यता:* ६० घरांनी सरासरी ८ किलो दिलं. ४८० किलो. ४८० गुणिले १३ म्हणजे ६,२४०. खर्च वजा केला, उरले २,२४० रुपये.

*दुसरी शक्यता:* फक्त २५ घरं आली. २०० किलो. २०० गुणिले १३ म्हणजे २,६००. खर्च ४,०००. म्हणजे १,४०० रुपये खिशातून गेले.

दर तोच, माणसं तीच, टेम्पो तोच. बदललं काय? एका फेरीतलं वजन. हा धंदा रिसायकलिंगचा वाटतो, पण खरं तर तो वाहतुकीचा धंदा आहे. आणि राष्ट्रीय व्यवस्था यशस्वी होणार की नाही हेही त्याच आकड्यावर ठरतं. कंपनीने भरलेल्या सर्टिफिकेटच्या पैशातला वाटा जर दारातल्या माणसापर्यंत आला, तर तो माल योग्य जागी नेईल. नाही आला, तर वायर जळतच राहील. म्हणून रिसायकलरशी बोलताना बिचकू नका. सरळ विचारा, "तुम्हाला सर्टिफिकेटमधून मिळतं, त्यातलं माझ्या दरात किती धरलंय?"

मग सुरुवात कशी करायची?

ज्याचं रिपेअरचं दुकान आहे, इलेक्ट्रिकचं दुकान आहे किंवा भंगाराचा व्यवसाय आहे, त्याने प्लांटचा विचार बाजूला ठेवायचा. पहिलं वर्ष फक्त गोळा करायचं.

१. आधी विकत घेणारा पक्का करा. केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंद असलेलाच रिसायकलर निवडा. त्याचं नोंदणीपत्र आणि त्यावरची मुदत स्वतः बघा. कुठल्या वस्तूला काय दर, माल कोण उचलणार, पैसे किती दिवसांत, हे लेखी घ्या. तोंडी दरावर एक किलोही उचलू नका.

२. नियम समजून घ्या. २०२२ च्या नियमांत नोंदणी चौघांची आहे: उत्पादन करणारा, ब्रँडने विकणारा, दुरुस्त करून पुन्हा विकणारा आणि रिसायकलर. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत असं नियमातच म्हटलंय. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. पण याचा अर्थ "मला काहीही चालतं" असा काढू नका. प्रदूषणाचे, आगीचे, महापालिकेचे नियम सगळ्यांनाच आहेत. गोडाऊन भाड्याने घेण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा. जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा.

३. दुरुस्ती आधी, भंगार नंतर. दहा मिक्सर आले तर दोन-तीन चालू होतात का ते बघा. चालू झालेली वस्तू किलोवर नाही, नगावर विकली जाते. रिपेअरवाल्यांनो, तुमचा खरा नफा इथे आहे.

४. मोबाइल घेताना डोळे उघडे ठेवा. चोरीचा मोबाइल घेतला तर तुम्ही अडकाल. देणाऱ्याचं ओळखपत्र घ्या, आयएमईआय नंबर 'संचार साथी' पोर्टलवर तपासा, वहीत नोंद करा आणि पावती द्या.

५. लोकांची भीती घालवा. मोबाइल ड्रॉवरमध्ये का पडून राहतो? फोटो आणि बँकेचे मेसेज! ताई-दादांसमोर त्यांच्या खात्यातून लॉगआउट करून फोन रिसेट करून दाखवा. फोन चालूच होत नसेल तर त्यांच्यासमोर पिशवीत सील करा आणि तो नष्ट झाल्याचं पत्र रिसायकलरकडून आणून द्या. हे केलंत तर दर दोन रुपये कमी दिला तरी लोक तुमच्याकडे येतील.

६. भंगारवाल्याला भागीदार करा. त्याच्याशी स्पर्धा करू नका, हराल. त्याला सांगा, "दादा, बोर्ड, मोबाइल, फ्रीज फोडू नका. आख्खा माझ्याकडे आणा, दोन रुपये जास्त देतो." त्याची दहा गल्ल्यांची ओळख तुम्हाला एका दिवसात मिळते.

७. हंगाम पकडा. दिवाळीची साफसफाई, पाडव्याची खरेदी, घर बदलणं, शाळा-कॉलेजचं वर्ष संपणं. नवीन फ्रीज येतो त्याच दिवशी जुना निघतो. गावातल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानदाराशी बोलून ठेवा.

हे मात्र कधीच करू नका

वायर जाळू नका. अॅसिड आणू नका. फ्रीजचा पाइप कापू नका. टीव्हीची काच फोडू नका. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचू नका, दाबू नका, उन्हात ठेवू नका. ती पेट घेते. बॅटऱ्या वेगळ्या, कोरड्या जागी ठेवा. त्यांच्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत, त्या वेगळ्याच द्यायच्या. आणि माल साठवून भाव वाढायची वाट बघू नका. नोंदणी असलेल्यांनाही साधारणपणे १८० दिवसांच्या वर साठा ठेवता येत नाही. तुम्ही तर महिन्याला गाडी रिकामी करा. साठा म्हणजे अडकलेला पैसा आणि आगीची भीती, दोन्ही.

आणि ते साताऱ्याचे?

त्यांनी जमीन तारण ठेवली नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत एक वजनकाटा आणि चार पिंप ठेवली: मोबाइल, वायर-चार्जर, छोटी उपकरणं, बॅटऱ्या. पहिल्या महिन्यात माल इतका कमी आला की मला फोन करून म्हणाले, "सर, यात टेम्पोचं भाडंही सुटत नाहीये." मी म्हटलं, "बरं झालं. हेच तुम्हाला चाळीस लाख घालून कळलं असतं."

आता ते दोन सोसायट्या, एक शाळा आणि तीन भंगारवाल्यांकडून माल घेतात. श्रीमंत झालेले नाहीत. पण वडिलांची जमीन मोकळी आहे, आणि किलोचा हिशेब त्यांना पाठ झालाय. उद्या प्लांट टाकायचाच झाला तर त्यांच्याकडे "माल कुठून आणणार?" याचं उत्तर असेल.

तुमच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा ड्रॉवर, तुमचा माळा आणि शेजारच्या चार घरांचा माळा. एकूण किती वस्तू, अंदाजे किती किलो, आणि त्या का पडून आहेत, तीन रकाने करून लिहा. तिसरा रकाना नीट भरा. "विसरलो", "भाव मिळत नाही", "फोटो आहेत", जे कारण असेल ते. तिथेच तुमची सेवा काय असायला हवी ते लिहिलेलं सापडेल.

मशीन नंतर बघू. आधी दारात जा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हिशेब चोख ठेवा!